घंटेच्या आतलं नाव

वेलिंग्टनहून आलेल्या संरक्षण खात्याच्या हॅलोरन मॅडमनी ऑकलंडच्या धक्क्याला लागलेल्या आमच्या म्हाताऱ्या युद्धनौकेवर सगळ्यांना विचारलं, "नवी बांधून घ्यायची, कुणाची वापरलेली घ्यायची, की हीच डागडुजी करून आणखी दहा वर्षं चालवायची?"

"हीच चालवा," इंजिनरूमचे चीफ राविरी म्हणाले. आम्ही हसलो. 'या सटवीनं माझे गुडघे खाल्ले' असं रोज म्हणणारा हा माणूस!

मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा चीफनी त्यांना डेकवरच्या पितळी घंटेपाशी नेलं आणि आत बॅटरी मारली. आमच्यात खलाशाच्या बाळाचा बाप्तिस्मा ही घंटा उलटी करून, तिच्यात पाणी भरून करतात आणि बाळाचं नाव आत कोरतात. चीफनी एका नावावर बोट ठेवलं. अनाहेरा राविरी.

"हिच्यासाठी बोटीवरच्या पोरांनी घंटा उचलून इस्पितळात नेली होती."

"बोट मोडीत गेली तरी घंटा संग्रहालयात जपतील, चीफ."

"काचेत ठेवतील. इथं ती रोज सकाळी आठला वाजते." चीफनी बॅटरी विझवली. "पोर अकरा दिवसच जगली, मॅडम. रडायचंही बळ नव्हतं तिला. तिचा आवाज म्हणून मला या घंटेचाच ठाऊक आहे."