टेस्ट डेटातली आई

‘पुन्हाबोल’ सकाळी दहाला सुरू झालं आणि डेटाबेसवाल्यांनी कँटीनमध्ये नुसता कल्ला केला. जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या आवाजात, गेलेल्या माणसांशी आता चक्क फोनवर गप्पा मारता येणार होत्या!

“हर्षदाताई, तुमच्या आईंना सलाम हं!” अन्वर सामोसा मोडत म्हणाला. “दोन वर्षं चाचणीसाठी आम्ही त्यांनाच छळलं. दहा हजार वेळा त्यांच्याकडून ‘डबा संपवलास का?’ वदवून घेतलं, पण बाई एकदाही चिडल्या नाहीत.”

हर्षदा खळखळून हसली. “संध्याकाळी फोन लावला की सांगते तिला.”

“आता कुठून सांगताय? सकाळीच सगळा टेस्ट डेटा उडवला की. पुसायच्या यादीवर सही तुमचीच आहे.”

“बॅकअप?” तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. आईचा मूळ आवाज जुन्या फोनबरोबर कधीच गेला होता. आणि टेस्ट डेटाची प्रत ठेवत बसायचं नाही, हे या पोरांना तिनंच तर दटावून शिकवलं होतं.

तेवढ्यात साहेबांनी पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन स्पीकरवर लावला. कुणी बाई “आई, तूच ना गं?” म्हणत हमसून हमसून रडत होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदानंही वाजवल्या.