आतला हात

कळव्यात मोठा रांजण घडवायला शिकायचं तर रंगूबाई कुंभारणीकडेच. उभ्या आयुष्यात तिनं लेकीसुनांकडून एकच धडा घोटवून घेतला. डाव्या हातानं आतून दगड टेकवायचा, उजव्यानं बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. "आतला हात काढलास की ओली माती चेपलीच समज!"

त्या दुपारी ती नातसुनेला, शेवंतीला शिकवत होती. खाडीच्या पुलावरून आगगाडी गेली आणि कोळशाचा कण रंगूबाईच्या डोळ्यात शिरला. दगड आतच सोडून तिनं डाव्या मनगटानं डोळा चोळला. उजवा हात सवयीनं मारतच राहिला.

माती चेपली नाही.

"आजी," शेवंती हळूच म्हणाली, "आतून दगड कोण धरतंय?"

रंगूबाई थांबली. आत दगड मातीला घासत पुढं सरकला आणि पुढची थाप जिथं पडायची, बरोबर तिथं येऊन थांबला.

"मेल्या, माझा दगड दे!" म्हणत रंगूबाईनं कोपरापर्यंत हात आत घातला. दगड आपणहून तिच्या तळव्यात आला. मग कुणीतरी एकेक करून तिची बोटं त्यावर मिटवली.

हात निघेना.

"फोड गं रांजण! फोड!"

शेवंतीनं थापटणं उचलून जीव खाऊन हाणलं. इकडून हाणलं, तिकडून हाणलं. प्रत्येक घावाला आतून दगड हजर. माती उलट घट्ट होत चालली.

"आजी, हात आवरा की! तुम्हीच तर धरताय!"

"शेवंते," रंगूबाई कुजबुजली, "हात मी नाही गं हलवत."