एक हजाराचा रेझिस्टन्स

दिवा काही लागेना. कस्तुरीने वायर उपटून पुन्हा खोचली, लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचून काढला आणि भोकांच्या पांढऱ्या पट्टीवर बसवलेल्या इवल्याशा एलईडीकडे डोळे वटारून पाहिलं. एलईडी ढिम्म.

"लागंना?" टेबलापलीकडून तिच्या वडिलांनी, अण्णांनी विचारलं.

"नाही लागत."

चार वाजता क्लास होता. मल्लेश्वरममधल्या एका वाचनालयाच्या माडीवर रविकिरण नावाचा तरुण मास्तर दर रविवारी नवशिक्यांना इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग शिकवायचा. पन्नाशी उलटल्यावर कस्तुरीच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. "गणित स्वल्प आलं तरी चालतं, अक्का," असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्याच रविवारी फळ्यावर भागाकार मांडला. आज प्रत्येकाने आपला लुकलुकणारा दिवा घरी करून आणायचा होता. कस्तुरीने मनाशी ठरवून टाकलं होतं, हा लागला तर पुढे शिकायचं, नाहीतर सगळं सामान माळ्यावर.

गणिताने तिचा पिच्छा कधी सोडलाच नव्हता. दहावीत ती त्याच विषयात आपटली, तेव्हा विश्वासरावकाका निपाणीच्या दुकानात येऊन चारचौघांत म्हणाले होते, "हिला रेडिओचं काम शिकवायच्या भानगडीत पडू नकोस, कृष्णात. ते सगळं गणिताचं काम." अण्णा खाली मान घालून समोरचा रेडिओ खोलत राहिले. काकांचं बोलणं ती केव्हाच विसरली असती. अण्णांचं गप्प बसणं मात्र तिला आजवर विसरता आलं नव्हतं.

पण ते दुकान! अजूनही सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की ती थेट तिथे जाऊन पोचायची. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि दुकान गाठायचं. अण्णा वर्तमानपत्रावर रेझिस्टन्सचा डबा उपडा करायचे. शेंगदाण्याएवढे ते तुकडे, प्रत्येकावर रंगीत पट्टे, आणि पट्ट्यांवरून कळायचं कोण वीज किती अडवणार ते. "म्हण रंग," अण्णा सांगायचे. मग ती चाल लावून म्हणायची, "तपकिरी, काळा, तांबडा! पिवळा, जांभळा, तपकिरी!" अण्णा एकेक उचलून वेगवेगळ्या काड्यापेट्यांत टाकायचे. मागे कुणाचा तरी रेडिओ कन्नड बातम्या खरखरत असायचा. पोरीने दुकानात धुडगूस घालू नये म्हणून बापाने काढलेला खेळ होता तो, एवढं तिला मोठेपणी कळलं. तरी त्या खेळाइतकं सुख पुढे फारसं कशात मिळालं नाही.

दिव्याला केवढा रेझिस्टन्स लागेल, याचा तिने पाठकोऱ्या कागदावर पुन्हा भागाकार केला. पुन्हा एक हजारच आले.

"सारखे हजारच येताहेत," ती म्हणाली. "माझे येताहेत म्हणजे चूकच असणार. नको, अण्णा, माझ्या डोक्यातलं नाही हे."

तिने एकेक वस्तू पट्टीवरून उपटायला सुरुवात केली. रेझिस्टन्स उपटला तेव्हा तो खिडकीच्या उजेडात आला आणि जुन्या सवयीने तिचे ओठ हलले. तपकिरी, काळा, हिरवा.

हिरवा? एक हजाराला शेवटचा पट्टा तांबडा लागतो. हिरवा म्हणजे दहा लाख. एवढ्या अडसरातून बिचाऱ्या एलईडीला वीज मिळणार कुठून?

मघाशी तिचे दोन्ही हात वायरींत गुंतले होते, म्हणून एस. पी. रोडच्या बाजारातून आणलेल्या पुडीतला एक हजाराचा द्या, असं तिने अण्णांनाच सांगितलं होतं. तिने घाईघाईने पुडी पालथी केली, तांबड्या पट्ट्याचा शोधला, खोचला. सगळं पुन्हा जोडलं. एलईडी लागला, विझला, लागला, विझला.

"भागाकार बरोबर होता!" कस्तुरी जवळजवळ ओरडलीच. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचं गणित बरोबर आलं होतं. मग तिला हसू आलं. "काय अण्णा, हिरवा दिलात की मला! मोतीबिंदू काढला तरी दिसत नाही होय?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी तो हिरव्या पट्ट्याचा उचलला, पुडीतला तांबड्याचा एक उचलला आणि दोन्ही तळहातावर ठेवून पाहत राहिले.

"मला दोन्ही एकच दिसत्यात."

"आता आता?"

"पहिल्यापासनं. तांबडं न् हिरवं मला येगळं कधी दिसलंच न्हाई."

कस्तुरी खुर्चीत बसली. "मग एवढी वर्षं रेडिओ कसे दुरुस्त केलेत?"

"तू व्हायच्या आधी एकेक रेझिस्टन्स मीटरवर मोजत बसायचो. निम्मा दिस त्यातच जायचा. मग तू रंग म्हणाय लागलीस."

इतक्या वर्षांचा प्रश्न आता अडेना. "मग काका बोलले तेव्हा गप्प का बसलात?"

"पोरगीच मला रंग सांगती म्हणून तोंड उघडलं असतं तर समदंच सांगाय लागलं असतं. रंग न दिसणाऱ्याकडं रेडिओ कोण टाकतंय?" अण्णांनी दोन्ही तुकडे हलकेच टेबलावर ठेवले. "तू सासरी गेलीस. थोडे दिस परत मीटर घेऊन बसून बघितलं, मन लागंना. दुकानाला कुलूप घातलं. लोकांना सांगितलं, आता रेडिओ कोण ऐकतंय!"