खारी थाप

"हे तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही," असं म्हणत म्हाताऱ्या निकानोरनं डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली, "आणि म्हणूनच आज मी जिंकणार."

तोबियासच्या दुकानापुढच्या सावलीत रविवारची बैठक भरली होती. मिठागराच्या त्या गावात थापांनाही कायदा होता. मध्येच कोणी 'खोटं' म्हणून थाप पकडली आणि तिच्या बाजूनं साक्षीदार उभा राहिला नाही, की गोष्ट तिथंच संपली. शेवटपर्यंत कोणाला पकडता आली नाही, तर ती त्या दिवसापासून खरी. मग तिला कोणी खोटं म्हणायचं नाही, पाठीमागंही नाही. निकानोरच्या गाढवानं एकदा पापाची कबुली दिली होती, हे असंच खरं ठरलेलं. खुद्द पाद्रीबुवासुद्धा ते नाकारत नाहीत.

डॉक्टर लिबिया सरकारी दवाखान्यात वर्षभरासाठी नुकतीच आली होती. बैठकीत तिला आज पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती.

"माझी बायको एर्सिलिया," निकानोर म्हणाला, "घराबाहेर पाऊल न टाकता काळी पडत चालली. तळहाताच्या रेषा शाईनं गिरवल्यासारख्या. हिरड्यासुद्धा काळ्या."

"खोटं," तोबियास म्हणाला. "हिरड्यांना काय ऊन लागतं होय रे, म्हाताऱ्या?"

"खोटं नाही," लिबिया बोलून गेली. "मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या बंद पडल्या की माणूस असाच काळवंडतो. हिरड्यासुद्धा."

निकानोरनं तिला मान लववली. "घ्या. देवानं साक्षीदार धाडला."

"पुढं बोल," तोबियास म्हणाला.

"मग ती मीठ खायला लागली. मुठीनं. वाफ्यावरचे खडे तसेच तोंडात. उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. अन्नाचा वास नको. पोलकं अंगावर नुसतं टांगल्यासारखं."

"हे तू तेव्हाही सांगत फिरायचास," तोबियास हसला. "आम्ही तेव्हाही पोट धरधरून हसलो होतो. मिठागरातली बाई काळी पडते आणि मीठ खाते, मग काय साखर खाणार? खोटं."

"हेही खरं आहे," लिबिया म्हणाली. "अंगात मीठ टिकत नाही, म्हणून अंग ते मागतं. रक्तदाब उतरतो, म्हणून चक्कर."

तोबियासचं हसू ओठांवरच राहिलं. बाकीचे उगाच सोंगट्या चाळवू लागले. निकानोरचा मेहुणा अबुंदियो, एर्सिलियाचा धाकटा भाऊ, सुरुवातीपासून गप्पच होता. हरायला लागल्यावर तोंडं अशीच होतात, असं लिबियाला वाटलं. तिला मजा यायला लागली.

"मी तिला शहरात, कार्ताहेनाला नेलं," निकानोर म्हणाला. "तिथल्या डॉक्टरनं मला समोर बसवून एकेक गोष्ट नीट सांगितली. भल्या सकाळी रक्त काढतात. मग एक सुई टोचतात, ग्रंथी जागी होते का बघायला. थोड्या वेळानं परत रक्त. ग्रंथी झोपलेलीच राहिली, तर रोग पकडला. मग औषध काय, तर नखाएवढी गोळी. रोज, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलट्या झाल्या तर इंजेक्शन. एक दिवस चुकवायची नाही."

"दाजी," अबुंदियो पहिल्यांदाच बोलला, "पुरे की आता."

"पकडायची तर पकड. नाहीतर ऐक."

अबुंदियोनं मान खाली घातली.

"बरोबर आहे का, डॉक्टरीणबाई?"

"अगदी बरोबर. आम्हीही हेच करतो."

"आणि वेळेत कळलं, तर माणूस जगतं?"

"जगतं की. नातवंडं खेळवतं, तुमच्यासारखं थापा मारतं."

"एवढ्याशा गोळीवर?"

"एवढ्याशा गोळीवर."

निकानोरनं पुढ्यातली सोंगटी सरळ केली. मग त्यानं घसा खाकरला.

"तर मग ऐका. ती आत्ता घरात नारळाचा भात ढवळतेय. माशाला मीठ जास्तच झालंय, आणि मला उशीर झाला म्हणून माझ्या सात पिढ्या उद्धरतेय. संपली गोष्ट. पकडा कोणीतरी."

कोणी पकडली नाही. तोबियासनं तर तोंडच फिरवलं.

"यात पकडायचं काय?" लिबिया हसत उठली. "सगळंच खरं आहे. जिंकलात, आजोबा. चला, आजींना भेटवा मला. त्यांचं इंजेक्शन दवाखान्यात ठेवायला हवं. रात्रीबेरात्री लागलं तर पंचाईत नको."

निकानोर उठला नाही. तो मेहुण्याकडे बघत राहिला, आणि एखादा माणूस पाणी मागतो तसं ते बघणं होतं.

अबुंदियोनं हातातल्या सोंगट्या पालथ्या घातल्या.

"खोटं, दाजी," तो म्हणाला. "ताईला खांदा आपण दोघांनीच दिलाय."