नानांचं बोट

कॉम्प्युटरचा तिसरा मॉनिटर टेबलावरच्या स्टँडवर चढवून शाल्मली खुर्चीत बसते न बसते, तोच टेबलापलीकडच्या पलंगावर नानांचं बोट पुन्हा चादरीवर आपटायला लागलं. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, हलायचं ते एवढं एकच बोट.

पाणी नको होतं. उशीही ठीक होती. ती उठून जवळ गेली की बोट थांबायचं, खुर्चीत येऊन बसली की पुन्हा सुरू. म्हणजे स्टँडमध्येच खोट असणार. जन्मभर फिटरकी केलेल्या माणसाला लेकीचं काम कधी पसंत पडलंय? हा स्टँड तर तिने स्वतः आखलेला, पाइप स्वतः कापलेले. तिने स्पिरिट लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोब्बर मध्ये होता. टेप लावली, मापही चोख निघालं. बोट काही थांबेना.

"आता काय राहिलंय, नाना?" ती वैतागली आणि बोल्ट तपासायला तिने मधला मॉनिटर उतरवला.

बोट थांबलं.

मधल्या रिकाम्या जागेतून नाना थेट तिच्याकडे बघत होते. सकाळपासून त्यांना पलंगावरून नुसत्या मॉनिटरच्या काळ्या पाठी दिसत होत्या.

शाल्मलीने पाना खाली ठेवला. मग तिने पेन्सिल घेतली आणि मधला मॉनिटर किती वर न्यायचा, ते एक डोळा मिटून ठरवू लागली.

"हलू नका, नाना," ती म्हणाली. "माप घेतेय."