प्रायश्चित्ताची पावलं

"चुकलीस. चाळीस पावलांनंतर डावीकडे. पुन्हा पहिल्यापासून."

डोळ्यांवरची काळी पट्टी न काढता मुलगी मागे वळली. सकाळचे सहा वाजले होते, पोटात अन्नाचा कण नव्हता आणि बापाचं समाधान होत नव्हतं. चाळीस पावलं सरळ, मग डावीकडे. कमरेत वाकून बारा पावलं. मग उजवा हात भिंतीला लावून दोन वळणं सोडायची, तिसरं घ्यायचं. अंगण होतं जेमतेम दहा पावलांचं, त्यामुळे भिंत आली की जागच्या जागी पाय उचलायचे. शेजारणी खिडकीतून बघायच्या. हसायची मात्र कोणाची छाती नव्हती.

गल्लीत बापाला सगळे 'चाबूक' म्हणत, अर्थात पाठीमागे. दिवसभर तो जलखात्यातर्फे गटारं साफ करायचा आणि संध्याकाळी माणसांची मनं. धर्ममंडळाने गाण्यावर बंदी घातली, तेव्हा घरचा रेडिओ त्याने आपणहून चौकात नेऊन फोडला. हे डोळे बांधून चालण्याचं प्रायश्चित्त तर मंडळाच्या ग्रंथातही नव्हतं, त्याच्याच डोक्यातून निघालेलं. आधी बायकोकडून करवून घ्यायचा. ती बिचारी वाकून चालताना अकराव्याच पावलाला ताठ उभी राहायची आणि बोलणी खायची. तीन वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली, तेव्हा भर सभेत म्हणाला, "पापीण होती. तिचं नाव माझ्या घरात निघणार नाही." मंडळाने त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि प्रायश्चित्ताची पाळी मुलीवर आली.

उद्या तिला अठरा पूर्ण होणार होती. उद्याच मंडळाची गाडी तिला मौनगृहात नेणार होती. तिथे गेलेल्या मुलींचा आवाज पुन्हा कोणी ऐकला नव्हता. पत्र आलं तेव्हा बाप एवढंच म्हणाला होता, "अहोभाग्य." त्या क्षणी तिला त्याचा विलक्षण संताप आला.

पण तिचंही ठरलं होतं. न्हाणीमागे गटाराचं कुलूपबंद लोखंडी झाकण होतं. पाणी शहराच्या तटाखालून नदीला जातं, मग माणूस का नाही जाणार? अडचणी दोनच. किल्ली बापाच्या कमरेला आणि सकाळच्या सभेला हजेरी सक्तीची.

"आज सभेला यायचं नाही," बापाने पट्टी सोडली. "दोनदा चुकलीस. घरात बसून मनात म्हण सगळं."

"आणि जेवण?"

"पूर्ण केल्यावर."

दारात तो घुटमळला. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतीच बुटाची नाडी आवळून निघून गेला. किल्ल्या खुंटीवरच राहिल्या. एवढा काटेकोर माणूस, पण वयापुढे कोणाचं चालतं, तिने मनाशी म्हटलं.

सभेच्या घंटा सुरू होताच ती झाकण उघडून शिडीने खाली उतरली. वर भोंग्यातून बापाची प्रार्थना घुमत होती. आज तर त्याला भलताच चेव चढला होता.

शेवटच्या पायरीवर वाऱ्याने मेणबत्ती विझली. काडेपेटी पाण्यात पडली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, एवढा अंधार. तिला रडू फुटलं. सवयीने तिने डोळे मिटले आणि सवयीनेच पाय मोजत निघाले.

चाळिसाव्या पावलाला हात भिंतीवर आदळला. वाट डावीकडे वळत होती.

तिने भिंत पुन्हा चाचपून पाहिली. ती वळली. छत डोक्याला लागलं, तशी कमरेत वाकली. बारा पावलांनी छत पुन्हा वर गेलं. उजव्या हाताला भिंतीत एक भगदाड लागलं, मग दुसरं. तिसऱ्यात शिरताच समोर ऊन दिसलं.

तोंडाशी, नदीकाठी, एक बाई जाळी उघडी धरून उभी होती. केस पांढरे झाले होते, पण ओळखायला क्षणही लागला नाही. मुलगी तिच्या गळ्यातच पडली.

"बाबा?" तिने कसंबसं विचारलं.

"प्रार्थना आटोपली की येतील मागून." आईने तिचं कपाळ चाचपून पाहिलं, मग स्वतःच्या कपाळावरच्या जुन्या खोकेच्या व्रणावर बोट ठेवून हसली. "बारा पुरी वाकलीस वाटतं. मी अकराव्यालाच उठले होते."