समोरची ओळ

"दुसरा माइक काढू नका," दानम्मा म्हणाली. "ती यायलीय."

विद्यापीठाच्या कला संकुलातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीवर दानम्मा बसली होती. पहाटेच्या एसटीनं ती देगलूरजवळच्या गावाहून नांदेडला आली होती. संकुलातले महांतेश सर बायका समोरासमोर दोन ओळी करून सवाल-जवाबात म्हणतात ती पंचमीची गाणी गोळा करत होते. इथल्या मुली ती शिकून श्रावणात गावोगावी फेर धरणार होत्या. सरांना दानम्मानं तीनदा नकार दिला होता. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, तुमच्या समोरच्या ओळीत कोण असायचं? अमीरबी, ती म्हणाली. आता नांदेडात लेकाकडं असती, देगलूर नाक्याला. "तिलाबी बोलवणार असाल तर येते."

साडेअकरा वाजले तरी समोरची खुर्ची रिकामीच होती.

माइक लावणाऱ्या शिवकन्याचा फोन वाजला. तिनं क्षणभर ऐकलं आणि फोन स्पीकरवर टाकून दानम्मासमोर ठेवला. "आजी, अमीरबी आहेत."

"कुठं मेलीस गं?" दानम्मा फोनवर वाकून ओरडली.

"हळू बोल. बहिरी न्हाई झाले अजून." आवाज तोच होता, जरा खरखरीत झालेला. "दानी, मी न्हाई यायले. हज करून आले तवापासून गाणं सोडलंय मी. तुझं नाव ऐकलं नि येते म्हणून बसले. पण कालपासून मनाला पटंना."

दानम्मानं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"रागावलीस?"

"कामून रागावू? तू ठरवलंस ते ठरवलंस."

"जेवायला ये. नाझनीननं येगळ्या भांड्यात वरणफळं केलीत तुझ्यापुरती. माझी सून तुझ्यापेक्षा बरी करती."

"येते. आधी गाते." दानम्मानं फोन जवळ ओढला. "ऐकायला तर हरकत न्हाई ना तुला?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकते की."

फोन तसाच चालू राहिला. महांतेश सर अदबीनं पुढे झाले. "आजी, मग समोरचे जवाबही तुम्हीच म्हणा. आम्ही नंतर जोडून घेऊ."

"माझी थट्टा मीच करू व्हय? येडं दिसंल की."

"मी म्हणू का?" शिवकन्यानं विचारलं. "शब्द सांगा फक्त."

"शब्द ठरलेले नसत्यात, पोरी. समोरचीला बघून सुचत्यात." दानम्मा उठून उभी राहिली. खुर्चीत बसून फेराचं गाणं कुणी म्हटलं होतं?

"तुझ्या माहेराच्या वाटंला बाई बोरी न बाभळी,
पाहुणी गं मी गेले, मिळाली भाकर शिळी."

आणि ती थांबली.

"विसरल्या वाटतं," सर कुजबुजले. शिवकन्यानं बोटानं खाली दाखवलं. दानम्माचे पाय चालत होते. चार पावलं मागे, चार पुढे. जवाब यायला तेवढाच वेळ लागायचा. फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. आठवं पाऊल पडलं तशी दानम्मानं मान झटकली आणि आवाज चढवला.

"माझ्या भावाला हसू नको, त्याच्या मिशीवर लिंबू बसतं,
तुझ्या भावाच्या ओठावर बाई नुसतं पिठलं दिसतं!"

"भावाला कोण हसलं?" सरांनी विचारलं.

"समोरची ओळ, सर," शिवकन्या म्हणाली.

कडव्यामागून कडवी आली. दर दोन ओळींनंतर आठ पावलं. त्या आठ पावलांत दानम्मा कधी ओठ मुडपायची, कधी डोळे वटारायची, एकदा तर तोंडाला पदर लावून हसली. फोनमधून शब्द आला नाही. ती मात्र प्रत्येक वेळी काहीतरी ऐकल्यासारखा उलटा टोला द्यायची.

मग शेवटचं कडवं आलं.

"सरली पंचमी, सुटला झोका, लेकी निघाल्या सासरी,
सांग गं सखे, येत्या साली येशील का माहेरी?"

आठ पावलं झाली. सरांनी मशीन बंद करायला हात पुढे केला. दानम्मानं जोरानं मान हलवली. त्यांच्या गावात फेर उतरवायचा, म्हणजे थांबवायचा, मान जवाब देणाऱ्या ओळीचा. तिकडून शब्द आला, की बायका थांबणार, पदर सावरणार, पाणी पिणार. नाही आला, तर फिरत राहायचं.

तिनं तेच कडवं पुन्हा म्हटलं. आठ पावलं. पुन्हा म्हटलं. आता तिला धाप लागली होती, सूर मध्येच तुटत होता. शिवकन्या पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी होती, पुढे करावा की नाही हे तिला कळेना. दानम्मानं चौथ्यांदा सुरुवात केली, "सरली पंचमी…" आणि डोळे मिटले. चार पावलं मागे. चार पुढे.

फोनमधूनही कुणीतरी धापा टाकत असल्यासारखं ऐकू आलं.

"उतरला गं बाई फेर आता," अमीरबी गायली नाही, नुसतं बोलली. "पाय दुखले माझे."